तपकिरीच्या डबीतलं लाल सोनं

अठराव्या शतकात बर्लिनमध्ये घडलेल्या सोन्याच्या तपकिरीच्या डब्यांवर मीन्यात रंगवलेली गुलाबी-जांभळी फुलं दिसतात. त्या पाकळ्यांमधला गुलाबी रंग बहुधा सोन्याचाच असतो. मला ही गोष्ट डबीवरच्या हिऱ्यांपेक्षा मोलाची वाटते.

मीना म्हणजे रंगीत काचेची पूड. कोबाल्टने ती निळी होते, तांब्याने हिरवी. गुलाबीसाठी सोनं अम्लराजात, म्हणजे दोन तीव्र आम्लांच्या मिश्रणात, विरघळवून त्यात कथिलाचा क्षार घालत. खाली बसणाऱ्या जांभळ्या गाळाला आजही ‘कॅसियसचा जांभळा’ म्हणतात. त्यातले सोन्याचे कण फार तर काही दहा नॅनोमीटरचे; दहा नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा लाखावा भाग. इतकं बारीक सोनं हिरवा प्रकाश शोषून घेतं आणि आपल्याला लाली दिसते. योहान कुंकेल या रसायनज्ञाने सतराव्या शतकातच पॉट्सडॅमला सोन्याची माणिककाच बनवली होती. आत नेमकं काय आहे हे मात्र रिचर्ड झिग्मोंडी यांच्या अतिसूक्ष्मदर्शकाने विसाव्या शतकात उलगडलं. त्यांना 1925 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक तपकिरीचा शौकीन. बर्लिनच्या कारागिरांना काम मिळावं म्हणून त्याने फ्रेंच डब्यांची आयात बंद केली. पुढे चित्रकार म्हणून नावाजलेला डॅनियल खोडोविएत्स्की तरुणपणी अशा डब्यांसाठी मीन्यावर चित्रं काढायचा.

हे चित्र भट्टीत पिकतं. मीना साधारण 750 ते 850 अंशांना वितळतो, शुद्ध सोनं 1064 ला. मिश्रसोनं त्याआधीच, आणि सांध्यांचा डाख त्याहूनही आधी. म्हणजे हाताशी उरतात थोडेच अंश. चित्राला तर पुन्हा पुन्हा भाजावं लागतं. जास्त आच लागणारे रंग आधी, नाजूक मागून.

खरी परीक्षा निवताना. आठ सेंटिमीटरचं सोन्याचं झाकण पाचशे अंशांवरून थंड होताना जवळजवळ अर्धा मिलिमीटर आकसतं. काच तेवढी आकसत नाही. पातळ पत्रा त्या ओढीने वाकतो, मीना तडकतो. त्यावर उपाय म्हणून पत्र्याच्या पाठीलाही मीन्याचा थर देतात. दोन्हीकडची ओढ सारखी झाली की पत्रा सरळ राहतो.

ड्रेस्डेनचा सोनार योहान मेल्किओर डिंगलिंगर याने 1701 ते 1708 मध्ये औरंगजेबाचा दिल्ली दरबार सोन्याच्या छोट्या देखाव्यात उभा केला. त्यातलं मीनाकाम त्याच्या भावाचं, गेऑर्ग फ्रिडरिकचं. तिकडे कारागीर दिल्लीचं सिंहासन मढवत होते, तेव्हा बादशहा इकडे मराठ्यांच्या किल्ल्यांना वेढे घालत होता. काम संपायच्या आधीच, 1707 मध्ये, तो अहमदनगरला वारला.

जुन्या डबीवरचा मीना उडाला, तर नव्याने भाजायला ती भट्टीत घालणं धोक्याचं: बिजागरीचा डाख सुटेल, उरलेला मीनाही तडकेल. म्हणून अशी जागा पुष्कळदा रंगीत राळेने भरतात. राळ काचेपेक्षा मऊ असते, आणि भिंगाखाली तो तुकडा वेगळा ओळखू येतो.