परदेशी शस्त्रकंपनीचा प्रतिनिधी आणि दलाल: फरक कुठे?

बोफोर्सने आपल्याकडे एक समज पक्का केला: परदेशी शस्त्रकंपनीसाठी दिल्लीत धावपळ करणारा माणूस म्हणजे दलालच. मार्च 1986 मध्ये 410 तोफांचा करार झाला, एप्रिल 1987 मध्ये स्वीडिश रेडिओने लाचेची बातमी फोडली आणि ‘एजंट’ ही शिवीच झाली. नियम मात्र इतके सरसकट नाहीत. 2016 च्या संरक्षण खरेदी कार्यपद्धतीने परदेशी कंपनीला एजंट नेमण्याची मुभा दिली. पहिली अट ही, की त्याची सगळी माहिती संरक्षण मंत्रालयाला कळवायची. मंत्रालयाला तो माणूस नको असेल तर नेमणूक रद्द.

खऱ्या प्रतिनिधीचं काम बरंचसं कारकुनी असतं. आरएफपीची, म्हणजे कंपन्यांकडून प्रस्ताव मागवणाऱ्या सरकारी विनंतीची, जाडजूड कागदपत्रं वाचायची, एकेका तांत्रिक अटीसमोर कंपनीचं उत्तर आणि पुरावा मांडायचा, शंका मुदतीत लेखी पाठवायच्या. तांत्रिक निविदा आणि किमतीची निविदा वेगवेगळ्या द्यायच्या, कारण तांत्रिक कसोटीत नापास झालेल्याची किंमत कोणी उघडूनही बघत नाही. मग चाचण्या, त्याही ‘नो कॉस्ट, नो कमिटमेंट’ तत्त्वावर, म्हणजे खर्च कंपनीचा आणि खरेदीची हमी शून्य. वाळवंटातल्या उन्हात किंवा लडाखच्या उंचीवर यंत्रणा चालवून दाखवायची असताना एखादा सुटा भाग कस्टममध्ये अडकला, तर तो सोडवायला इथलाच माणूस लागतो.

दलाल यातलं काहीच विकत नाही. तो विकतो ओळख: ‘साहेबांशी बोलून अट जरा सैल करून घेतो.’ ऑगस्टा वेस्टलँडच्या प्रकरणात आरोप नेमका हाच होता. अतिमहत्त्वाच्या व्यक्तींसाठीच्या 12 हेलिकॉप्टरांची उड्डाण-उंचीची अट 6,000 मीटरवरून 4,500 वर आणली गेली, आणि त्यामागे पैसा फिरला, असं तपास यंत्रणांचं म्हणणं. 2010 चा तो करार जानेवारी 2014 मध्ये रद्द झाला.

व्हिजिटिंग कार्ड दोघांचंही सारखंच असतं, म्हणून मी आधी पैशांचं कलम बघेन. कंत्राट मिळण्या-न मिळण्यावर अवलंबून असलेला मोबदला एजंटला देता येत नाही, मग त्याला कमिशन म्हणा की ‘सक्सेस फी’. कंत्राट हुकलं तरी प्रतिनिधीचं बिल येतंच, आणि कंपन्यांच्या हिशेबनीसांना ते झोंबतं. तिथूनच टक्केवारीला ‘सल्ला शुल्क’ किंवा ‘अभियांत्रिकी सेवा’ असं गोंडस नाव देण्याचा मोह होतो. अशा बिलापुढे एकच विचारावं: सल्ला दिला कोणता, आणि त्याचा कागद कुठे आहे?