रॉकेटचा तुकडा गावात पडला तर आणि उपग्रहावर आदळला तर

२०२२ च्या गुढीपाडव्याची संध्याकाळ. चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात आभाळातून धातूची एक भलीमोठी कडी येऊन पडली. व्यास जवळपास तीन मीटर. आत बैलजोडी उभी राहावी एवढी. मोकळ्या जागेत पडली म्हणून माणसं वाचली. जाणकारांच्या मते तो चीनच्या लाँग मार्च रॉकेटचा अवशेष होता.

ते रॉकेट सरकारी होतं. आता खासगी कंपन्याही धडाक्यात रॉकेटं सोडताहेत, आणि प्रत्येक अपघातानंतर तोच प्रश्न येतो: भरपाई कोण देणार? अंतराळातल्या वस्तूंमुळे होणाऱ्या नुकसानीची जबाबदारी ठरवणाऱ्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारात याची दोन वेगळी उत्तरं आहेत आणि बातम्यांमध्ये त्यांची सर्रास सरमिसळ होते.

पहिलं उत्तर जमिनीसाठी. तुकडा दुसऱ्या देशात घरावर, शेतात, माणसावर पडला, तर चूक कुणाची हे विचारायचंच नाही. तुकडा तुमचा, नुकसान आमचं, एवढं दाखवलं की पुरे. उडत्या विमानाचं नुकसानही याच नियमात येतं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. जानेवारी २०२५ मध्ये स्पेसएक्स या अमेरिकी कंपनीचं स्टारशिप रॉकेट कॅरिबियन भागात फुटलं तेव्हा प्रवासी विमानांना मार्ग बदलावे लागले. एखाद्या परदेशी विमानाला तुकडा लागला असता, तर हाच नियम लागू झाला असता.

दुसरं उत्तर अंतराळासाठी. तिथे एकाचं यान दुसऱ्याच्या यानावर आदळलं, तर समोरच्याची चूक सिद्ध करावी लागते, आणि घोडं इथेच अडतं. १० फेब्रुवारी २००९ रोजी सायबेरियावर सुमारे ७९० किलोमीटर उंचीवर इरिडियम या अमेरिकी कंपनीचा चालू उपग्रह आणि रशियाचा बंद पडलेला कॉसमॉस २२५१ एकमेकांवर आदळले. दोन हजारांहून जास्त मोठे तुकडे झाले. चूक कुणाची? एकाला वळता येत नव्हतं, दुसऱ्याला वळता येत होतं पण तो वळला नाही. ‘चूक’ म्हणजे काय, याची व्याख्याच करारात नाही. त्या टकरीबद्दल या कराराखाली कुणी दावाच केला नाही. माझ्या मते कराराची ही सगळ्यात लंगडी बाजू आहे, कारण आज सर्वाधिक गर्दी तिथेच होते आहे.

दोन्हीकडे एक गोष्ट मात्र सारखी: या करारात कंपनी समोर येतच नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये स्पेसएक्सच्याच फाल्कन ९ रॉकेटची टाकी पोलंडमध्ये पोझनानजवळ पडली. अशा वेळी पोलंड सरकारने दावा करायचा तो अमेरिकेच्या सरकारवर. पुढे सरकारने कंपनीकडून वसूल करायचं की नाही, हा त्यांचा घरचा मामला. म्हणूनच अमेरिकेत परवाना देतानाच कंपनीला विमा काढायला लावतात. तिसऱ्या पक्षाच्या, म्हणजे उड्डाणाशी संबंध नसलेल्या लोकांच्या नुकसानीसाठी त्याची कमाल मर्यादा ५० कोटी डॉलर.

आता पुन्हा लाडबोरीला येऊ. ती कडी परक्या देशाची होती, म्हणून आपलं सरकार निदान दावा तरी करू शकलं असतं. उद्या श्रीहरिकोटाहून सुटलेल्या भारतीय खासगी रॉकेटचा तुकडा तिथेच पडला तर? हा करार स्वतःच्या नागरिकांना लागूच होत नाही. भारतात परवानगी देण्यासाठी इन-स्पेस ही संस्था आहे, पण अंतराळ कायद्याचा २०१७ चा मसुदा अजून मसुदाच आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये दिल्लीच्या ओलियम वायुगळती प्रकरणात धोकादायक उद्योगांवर, चूक असो वा नसो, पूर्ण जबाबदारी टाकली, त्याचा आधार घेता येईल. पण त्यासाठी ज्याचं छप्पर उडालं त्यानेच वकील गाठायचा, आणि कोर्टाच्या पायऱ्याही त्यानेच चढायच्या.