कपाशीच्या बोंडातील परका जनुक

पाने हिरवीगार, झाड निरोगी, पण फुलाच्या पाकळ्या गुलाबाच्या कळीसारख्या मिटलेल्या: जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा-यावलच्या शिवारात अशी डोमकळी दिसली की शेतकऱ्याला आतली गुलाबी बोंडअळी न पाहताच कळते. हे कपाशीचे झाड बीटी, म्हणजे अळीला मारणारा जिवाणूचा जनुक घातलेले, असूनही अळी जगली कशी, याचे उत्तर जनुक झाडात कसा घातला गेला यातच दडलेले आहे.

बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा मातीत आढळणारा जिवाणू. जपानमध्ये १९०१ साली रेशीमकिड्यांच्या रोगाचा शोध घेताना तो प्रथम सापडला. तो तयार करत असलेले स्फटिकरूप प्रथिन अळीच्या अल्कधर्मी आतड्यात विरघळते, तेथील पेशींना चिकटते आणि त्यांना छिद्रे पाडते, त्यामुळे अळी खाणे थांबवून मरते. माणसाचे जठर आम्लधर्मी असते आणि या प्रथिनाला चिकटण्याजोगी जागा आपल्या आतड्यात नसते.

हे प्रथिन बनवणारा जनुक झाडात पोहोचवण्याचे काम ॲग्रोबॅक्टेरियम नावाचा दुसरा जिवाणू करतो. निसर्गात तो स्वतःच्या डीएनएचा एक तुकडा झाडाच्या पेशीत घुसवून तेथे गाठ तयार करतो. शास्त्रज्ञांनी त्यातले गाठीचे जनुक काढून त्या जागी हवा तो जनुक बसवला, आणि १९८३ मध्ये परका जनुक असलेली पहिली झाडे जाहीर झाली. कपाशीत रोपाच्या कोवळ्या खोडाचे तुकडे या जिवाणूसोबत ठेवतात, मग प्रतिजैविक मिसळलेल्या माध्यमावर वाढवतात. जनुक मिळालेल्याच पेशी तेथे तगतात व पुढे त्यांच्यातून रोप उभे करतात. मात्र कपाशीचे बहुतेक वाण असे पेशीतून सहजासहजी उभे राहत नाहीत. त्यामुळे ‘कोकर ३१२’ या अमेरिकी वाणात जनुक घालून, पुढे वारंवार संकर करून तो इतर वाणांत आणावा लागला. भारतात बीटी कपाशीला मार्च २००२ मध्ये, तर दोन जनुकांच्या वाणाला २००६ मध्ये मान्यता मिळाली.

माझ्या मते खरी मेख पुढे आहे. आपल्याकडील बियाणे संकरित असते आणि सहसा एकाच पालकाकडून आल्याने जनुकाची एकच प्रत झाडात असते. त्यामुळे बोंडातल्या बियांपैकी, एका जनुकापुरते पाहिले तर, साधारण चारांतल्या एका बीला तो मिळतच नाही. गुलाबी अळी नेमकी ह्या बियाच खाते, म्हणजे एकाच बोंडात तिला विषारी आणि निर्विष असे दोन्ही अन्न मिळते, आणि थोडीफार सहनशक्ती असलेल्या अळ्या त्यातून निभावून जातात.

अशा प्रतिकारक अळ्या वाढू नयेत यासाठीच ४५० ग्रॅम बीटी बियाण्यासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाण्याचे पाकीट दिले जात असे. बांधाकडेच्या त्या ओळींवर वाढलेले, प्रतिकार नसलेले पतंग प्रतिकारक पतंगांशी मिलन करतात, आणि प्रतिकाराच्या जनुकाची एकच प्रत लाभलेली त्यांची बहुतेक संतती बीटी झाडावर मरते. पण नुकसान नको म्हणून अनेकांनी ते पाकीट पेरलेच नाही, आणि त्यांना दोष देताना मला संकोच वाटतो, कारण त्या ओळींचे नुकसान कोणी भरून देत नव्हते.

फरदड, म्हणजे वेचणीनंतरही पीक शेतात तसेच, ठेवल्याने अळीला हंगाम संपल्यावरही अन्न मिळते, पऱ्हाटीतील (कपाशीच्या वाळलेल्या झाडांतील) किडक्या बोंडांत ती सुप्तावस्थेत राहते, आणि मे महिन्यात ठिबकवर लावलेल्या पूर्वहंगामी कपाशीला फुले लागतात तेव्हाच पहिल्या पावसानंतरचे पतंग बाहेर पडतात.