झुकिनी कच्ची खायला कधीपासून सुरुवात झाली?

पातळ चकत्या, ऑलिव्ह तेल, लिंबू, पुदिना, वरून पार्मेझान चीजचे पापुद्रे. कच्च्या झुकिनीचं हे सॅलड पाहिलं की रोमन साम्राज्यापासून चालत आलं असावं असं वाटतं. प्रत्यक्षात रोमन लोकांना ही भाजी ठाऊकच नव्हती, आणि तिला आजचं रूप येऊन जेमतेम सव्वाशे वर्षं झाली आहेत.

झुकिनी म्हणजे कोवळेपणी तोडलेला भोपळाच. तिची जात कुकुर्बिटा पेपो, माहेर मेक्सिको. तिथल्या ओआहाका राज्यातल्या गिला नाकित्झ गुहेत या जातीच्या लागवडीच्या बिया सापडल्या, त्या सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या. म्हणजे मक्याच्याही आधीच्या. पण रानभोपळ्याचा गर जहर कडू. त्यामुळे माणसाने सुरुवातीला ही फळं जवळ केली ती बहुधा बियांसाठी आणि टणक कवचासाठी. कडूपणा कुकुर्बिटासिन या द्रव्यांचा. लहान प्राणी त्याच्या वाटेला जात नसत. हत्तीच्या नात्यातल्या मॅस्टोडॉनला मात्र त्याचं काही वाटत नसावं, कारण त्याच्या हजारो वर्षं जुन्या शेणात रानभोपळ्याच्या बिया मिळाल्या आहेत. पुढे पिढ्यानपिढ्या कमी कडू फळांचं बी राखत राखत गर खाण्याजोगा झाला. सॅलडाचा इतिहास मी तरी इथूनच धरेन. हे काम झालं नसतं तर लिंबू-पुदिन्याचा काय उपयोग?

१४९२ नंतर भोपळे युरोपात पोचले. इटलीत ते कोवळे असतानाच तोडून शिजवायची रीत पडली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिलानच्या परिसरातल्या बागायतदारांनी त्यासाठी खास वाण निवडले: लांबट, टोकापासून देठापर्यंत साधारण एकाच जाडीचे, वेल न पसरता झुडपासारखे वाढणारे. १९०१ साली मिलानमध्ये छापलेल्या एका ग्रंथात या वाणांचं वर्णन येतं. एकसारखी जाडी ही बारीक गोष्ट वाटेल, पण ताटात सारख्या आकाराच्या चकत्या पडतात त्या तिच्यामुळेच.

तरीही जुने इटालियन पदार्थ बघा: रोममध्ये मोझरेला चीज आणि अँचोवी हे छोटे खारवलेले मासे भरून तळलेली झुकिनीची फुलं, नेपल्समध्ये तळून मग व्हिनेगर-पुदिन्यात मुरवलेल्या चकत्या. सगळीकडे कढई आहेच. कच्च्या चकत्यांना वाट करून दिली ती मांसाच्या एका पदार्थाने. १९५० साली व्हेनिसच्या हॅरीज बारमध्ये जुझेप्पे चिप्रियानी यांनी शिजवलेलं मांस वर्ज्य असलेल्या एका सरदारघराण्यातल्या बाईंसाठी कच्च्या गोमांसाच्या तलम चकत्या पसरून दिल्या आणि लाल रंगासाठी प्रसिद्ध असलेल्या चित्रकार कार्पाच्चोचं नाव त्यांना ठेवलं, असं सांगतात. पुढे मासे, बीट, झुकिनी, जे जे तलम कापून सपाट ताटलीत मांडता येईल ते सगळं कार्पाच्चो झालं. हे सॅलड वाडग्यात न कालवता ताटलीत एका थरात मांडतात, ते या वळणामुळे. स्पायरलायझर या भाजीच्या लांब शेवया काढणाऱ्या यंत्राने काढलेल्या शेवया हे २०१०नंतरचं खूळ. दिसायला छान, पण चमच्याला दाद देत नाहीत.

झुकिनीत जवळपास ९५ टक्के पाणी असतं. मीठ लागलं की ते सुटतं आणि ताटलीत तळं साचतं. म्हणून एक तर ड्रेसिंग अगदी वाढताना घालायचं, नाही तर आधी मीठ लावून, थोडा वेळ ठेवून, पिळून घ्यायचं. दुसरी युक्ती आपल्याला कोणी शिकवायला नको, खमंग काकडीसाठी चोचवलेली काकडी आपण अशीच पिळतो. पुणे-नाशिककडच्या पॉलिहाऊसमधून झुकिनी बाजारात येऊ लागल्यापासून तिलाही दाण्याचं कूट आणि हिंग-मोहरीची फोडणी मिळू लागली आहे. माझ्या मते ती तिला पार्मेझानपेक्षा जास्त मानवते, फक्त काकडीपेक्षा लिंबू थोडं जास्त पिळावं लागतं, कारण तिला स्वतःची चव बेताचीच.

कडूपणा मात्र कायमचा गेलेला नाही. घरी राखलेल्या बियाण्यात शोभेच्या भोपळ्याचं परागण झालं, तर पुढच्या पिढीत तो परत येतो. २०१५ साली जर्मनीत शेजाऱ्याने पिकवलेली कडू झुकिनी खाऊन एका वृद्धाचा मृत्यू झाला, आणि ती शिजवलेली होती. म्हणजे आचेनेही हे विष जात नाही. काकडीचं टोक कापून चोळतो तसं चोळूनही ते जाणार नाही. मीठ लावण्याआधी एक चकती जिभेवर ठेवून बघायची. कडू लागली तर थुंकायची आणि ते अख्खं फळ टाकून द्यायचं.