ग्राफिक्स कार्डाची निवड

गेमिंगसाठी संगणक जुळवताना, पडद्यावरचे चित्र तयार करणाऱ्या, जवळपास सारख्याच किमतीच्या प्रतिस्पर्धी कार्डांतून एक पसंत करणे. एकूण खर्चाचा सर्वांत मोठा वाटा बहुधा याच भागावर जातो, त्यामुळे इथली चूक पुढची चार-पाच वर्षे सोसावी लागते.

बाजारात मुख्य चुरस एनव्हिडियाच्या जीफोर्स आणि एएमडीच्या रेडिऑन कार्डांत आहे. जीफोर्स २५६ हे कार्ड १९९९ साली आले. रेडिऑन हे नाव २००० मध्ये कॅनडातील एटीआयने आणले. ती कंपनी २००६ मध्ये एएमडीने विकत घेतली. इंटेलची आर्क कार्डे २०२२ मध्ये आली. जुन्या मदरबोर्डवर रीसाइझेबल बारची, म्हणजे प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय नसेल, तर ही आर्क कार्डे मंदावतात.

निवडीतला पेच २०२३ सालच्या एका जोडीत नीट दिसतो. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०६० ची किंमत २९९ डॉलर होती, तर एएमडीच्या आरएक्स ७६०० ची २६९. दोन्हींत ८ जीबी व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) आणि १२८ बिटची मेमरी बस (त्या मेमरीकडे जाणारी वाट). साध्या गेममध्ये दोघांत फारसे अंतर नाही. रे ट्रेसिंग (प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या दाखवण्याची पद्धत) चालू केले की ४०६० पुढे निघते. डीएलएसएसची, म्हणजे कमी ठिपक्यांचे चित्र एआयच्या मदतीने मोठे करून गेम वेगवान करण्याची सोयही आरटीएक्स कार्डांपुरतीच आहे. वीजही ४०६० ला कमी, ११५ वॅट लागते, ७६०० ला १६५. पूर्ण ताणावर रोज चार तास खेळणाऱ्याला हा फरक महिन्याला ६ युनिटांचा पडतो. बिलापेक्षा जास्तीच्या उष्णतेचा जाच उन्हाळ्यात बंद खोलीतल्या कॅबिनेटला जास्त होतो.

खरी अडचण त्या ८ जीबीची आहे. व्हीरॅम भरली की कार्ड संगणकाच्या रॅमकडे धाव घेते आणि ती वाट फार हळू असते. सेकंदाला सरासरी ६० फ्रेम (चित्रे) दाखवणारा गेम वळणावर अचानक अडखळतो. समोरची भिंत आधी धूसर दिसते, मग तिच्यावरच्या विटा उमटतात. सरासरी आकड्यात हे दिसतच नाही, म्हणून चाचण्या वाचताना सर्वांत संथ १ टक्का फ्रेमचा आकडा आधी पाहावा. डिसेंबर २०२४ मध्ये इंटेलने आर्क बी५८० हे १२ जीबीचे कार्ड २४९ डॉलरला आणले, तेव्हा त्याचे स्वागत झाले ते प्रामुख्याने या कारणाने.

मॉनिटर १०८० पी (ठिपक्यांच्या १०८० आडव्या ओळींचा) असेल तर कार्डाला दर फ्रेममध्ये सुमारे २१ लाख ठिपके रंगवावे लागतात. १४४० पीला सुमारे ३७ लाख. त्यामुळे मॉनिटर ठरल्याशिवाय कार्ड ठरवणे व्यर्थ आहे. एसएमपीएसची (संगणकाला वीज पुरवणाऱ्या भागाची) क्षमता पाहून आणि कॅबिनेटमधली जागा टेपने मोजूनच कार्ड घ्यावे.

डॉलरमधल्या किमतीवरून भारतातला भाव काढता येत नाही. त्यावर १८ टक्के जीएसटी आणि आयातदार-विक्रेत्यांचा नफा चढतो, आणि दोन कार्डांमधले ३० डॉलरचे अंतर इथे कधी मिटते, कधी दुप्पट होते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे संगणक-इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, एकाच दिवशी दोन-तीन दुकानांत भाव विचारून, कार्डाचा सिरियल नंबर घातलेले पक्के बिल घ्यावे. वॉरंटीच्या वेळी तेच मागतात.