जॉकी वेगळा, रायडिंग बॉय वेगळा

कोल्हापुरात, शिवाजी पेठेतल्या आमच्या शेजारचं पोरगं पुण्याच्या रेसकोर्सवर कामाला लागलं आणि गल्लीनं त्याला जॉकी करून टाकलं. घरी आलं की एकच प्रश्न, "काय रं, डर्बी कवा मारतोस?" ते नुसतं हसायचं. कारण ते होतं रायडिंग बॉय.

दोघंही त्याच घोड्यावर बसतात, घोळ तिथंच होतो. रायडिंग बॉय म्हणजे तबेल्यातला पगारी माणूस. उजाडायच्या आत ट्रॅकवर हजर, एक घोडा दौडवून आणला की दुसरा. कोणता घोडा एका अंगाला ओढतो, कोणता गर्दीत बुजतो, हे त्याला आधी कळतं. (त्याच्याहून जास्त फक्त मोतद्दाराला, म्हणजे घोड्याची देखभाल करणाऱ्याला.) शर्यतीच्या दिवशी मात्र तो कठड्यापाशी उभा.

शर्यतीत घोडा पळवतो तो जॉकी. त्याच्याकडं शर्यती भरवणाऱ्या टर्फ क्लबचं लायसन असतं. प्रत्येक सवारीची फी, शिवाय बक्षिसात टक्का. इंडियन डर्बी ही मानाची शर्यत 2400 मीटरची, म्हणजे अडीच मिनिटांच्या आसपासचा खेळ. तेवढ्यात घोड्याचा दम राखायचा, फट दिसली की घुसायचं. सवारी फसली की पुढच्या वेळी त्याच घोड्यावर दुसराच.

खरी कसोटी वजनाची. घोड्यानं वाहायचं वजन 57 किलो नेमून दिलं असेल तर त्यात जॉकी आणि खोगीर दोन्ही आलं. खोगीर घेऊन काट्यावर चढायचं. कमी भरलं तर शिशाच्या पट्ट्या घालून वजन पुरं करतात. शर्यतीनंतर पुन्हा काटा, तिथं कमी भरलं तर जिंकलेली शर्यतही हातची जाते. आणि आधीच जास्त भरलं तर? शिसं काढता येतं, अंगावरचं मांस कसं काढणार? मग घाम गाळायचा, उपाशी झोपायचं. गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध पिणारी आमची तालमीतली पोरं हे ऐकून वेड्यात काढतील. रायडिंग बॉयलाही हलकं राहावं लागतं, पण त्याच्या ताटावर काट्याची एवढी नजर नसते.

मधे एक पायरी आहे, अप्रेंटिस जॉकीची. नवखा म्हणून त्याला वजनात सवलत मिळते : 56 किलो नेमलेल्या घोड्यावर 3 किलोची सवलत असली तर 53. शर्यती जिंकत जाईल तशी सवलत घटते, शेवटी संपते. मग ट्रेनर त्याला मुरलेल्या जॉकींच्या रांगेत तोलतो, आणि माझ्या मते पोराची खरी परीक्षा तिथून सुरू होते.

यंदा शेजारचं पोरगं आलं तेव्हा आईनं पांढरा रस्सा वाढला. त्यानं वाटी हळूच बाजूला सरकवली. अप्रेंटिससाठी अर्ज केलाय म्हणे.