कंपन्यांचे व्हेंचर फंड का टिकतात, का बंद पडतात : पार्श्वभूमी

नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत बॉश, एबीबी आणि टीडीके समूहाचे कारखाने आहेत. या तिन्ही समूहांचे स्वतःचे व्हेंचर फंड आहेत. एबीबीचा २००९ मध्ये सुरू झाला, टीडीकेचा २०१९ मध्ये. बाहेरच्या नवउद्योगात छोटा हिस्सा घ्यायचा आणि उद्याचे तंत्रज्ञान आजच जवळून पाहायचे, हा त्यामागचा हिशेब. नाशिकच्या एखाद्या मध्यम कंपनीला या वाटेने जायचे असेल, तर या फंडांचा इतिहास आधी पाहून ठेवावा. स्टार्टअप चुकीचा निघाल्याने बुडालेल्या फंडांची चर्चा फार होते. पण मूळ कंपनीचे मन बदलल्याने गुंडाळलेले फंडही थोडेथोडके नाहीत.

सुरुवातीचे मोठे उदाहरण ड्युपाँ या अमेरिकी रसायन कंपनीचे. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्यातून आलेला पैसा या कंपनीने १९१७ मध्ये जनरल मोटर्सच्या शेअरमध्ये घातला, तब्बल अडीच कोटी डॉलर. गाड्यांना रंग लागतो, कृत्रिम चामडे लागते आणि ते ड्युपाँ बनवत होती. गुंतवणूक आणि धंदा यांचा सांधा इथे पक्का जुळला होता. एक्सॉनकडे तो नव्हता. १९७० च्या दशकात तेलाचा पैसा टाइपरायटर, ऑफिसची यंत्रे आणि झायलॉग ही चिप कंपनी यांत गेला. तेल कंपनीकडे ना त्या बाजाराची जाण होती, ना विक्रीची यंत्रणा. १९८० च्या दशकात एक्सॉनला त्यातून अंग काढून घ्यावे लागले.

सर्वांत बोलके उदाहरण झेरॉक्सचे. आपल्या प्रयोगशाळेतले शोध बाहेरचे लोक विकतात, हे शल्य असलेल्या या कंपनीने १९८९ मध्ये ३ कोटी डॉलरचा फंड काढला. चालवणाऱ्यांना २० लाख डॉलरपर्यंतचा निर्णय मुख्यालयाला न विचारता घेता येत होता आणि नफ्यात २० टक्के वाटा होता. कागदपत्रे सांभाळणारे सॉफ्टवेअर बनवणारी डॉक्युमेंटमसारखी कंपनी त्यातून उभी राहिली, पैसे अनेक पटींनी परत आले. तरी १९९६ मध्ये फंड बंद झाला. त्यामागे फंड चालवणाऱ्या भागीदारांना मिळालेल्या रकमांवरून कंपनीत झालेली धुसफूस होती. वाटा दिला नाही तर चांगली माणसे खासगी फंडात निघून जातात, दिला तर पगारी वरिष्ठांना खुपतो. म्हणून वाट्याचे सूत्र संचालक मंडळात पहिल्याच दिवशी लेखी ठरले पाहिजे. नफा दिसू लागल्यावर ते ठरवता येत नाही.

गॉम्पर्स आणि लर्नर या हार्वर्डच्या अभ्यासकांनी १९९८ मध्ये ३० हजारांहून अधिक गुंतवणुकी तपासल्या. मूळ धंद्याशी थेट नाते असलेल्या कंपनी-गुंतवणुकी स्वतंत्र फंडांच्या तोडीस तोड ठरल्या. नाते नसलेले कार्यक्रम मात्र अल्पायुषी निघाले. चिप बनवणाऱ्या इंटेलच्या, १९९१ पासून चालू असलेल्या इंटेल कॅपिटल या फंडाने हेच नाते जपले: ज्यामुळे चिपची मागणी वाढेल तिथे पैसा. त्या फंडालाही इंटेलपासून वेगळे काढण्याची घोषणा जानेवारी २०२५ मध्ये झाली आणि नवा सीईओ आल्यावर काही महिन्यांत ती मागे घेतली गेली.

भारतात वेळेचा अंदाज दोन उदाहरणांवरून येतो. नोकरी डॉट कॉम चालवणाऱ्या इन्फो एजने २०१० मध्ये झोमॅटोत ४.७ कोटी रुपये घातले, शेअर बाजारात नोंदणी झाली जुलै २०२१ मध्ये. हिरो मोटोकॉर्पने २०१६ मध्ये एथर या इलेक्ट्रिक स्कूटर कंपनीमध्ये गुंतवणूक केली, नोंदणी मे २०२५ मध्ये. म्हणजे ९ ते ११ वर्षे. दर मार्चला नव्याने मंजूर होणाऱ्या बजेटवर एवढा काळ काढता येत नाही. रक्कम निदान पहिल्या ५ वर्षांसाठी एकदाच बांधून घ्यावी आणि तिचा निम्मा भाग त्याच स्टार्टअपच्या भांडवल उभारणीच्या पुढच्या फेऱ्यांसाठी राखून ठेवावा. पहिल्या फेरीतच सगळे संपले, तर पुढच्या फेरीत हिस्सा पातळ होतो आणि मूळ कंपनीनेच हात आखडल्याचे पाहून बाकीचे गुंतवणूकदारही बिचकतात.

खरी अडचण शॉप फ्लोअरवर येते. समजा स्टार्टअपचा कंपन मोजणारा सेन्सर संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनच्या स्पिंडलवर, म्हणजे फिरत्या दांड्यावर, बसवायचा आहे. त्यासाठी मशीन थांबवावे लागते, प्लांट हेडच्या डोक्यावर महिन्याचे टार्गेट असते आणि चाचणीचा खर्च त्याच्याच खात्यावर पडतो. तो नाही म्हणणारच. चाचणीचे पैसे आणि थांबलेल्या तासांची भरपाई फंडाने द्यावी. व्हेंडर कोड (पुरवठादार म्हणून नोंद), गुणवत्ता मंजुरी आणि बिल यांसाठी एक माणूस नेमावा. एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, पण बारा-पंधरा जणांच्या चमूला तेवढी वाटही जड जाते. करारात पहिल्या खरेदीचा हक्क, म्हणजे स्टार्टअप विकायला निघाला तर आधी आपल्यालाच विचारावे ही अट, मात्र मागू नये. तो दिसला की दुसरे खरेदीदार बोली लावायलाच येत नाहीत.

कायद्याची बाजू थोडक्यात. कंपनीच्या ताळेबंदातून गुंतवणूक करायची तर कंपनी कायद्याचे कलम १८६ लागते: भरणा झालेले भांडवल, मुक्त राखीव निधी आणि शेअर प्रीमियम (शेअरच्या दर्शनी किमतीवर मिळालेली जादा रक्कम) यांच्या ६० टक्के किंवा मुक्त राखीव निधी आणि प्रीमियमच्या १०० टक्के, यांतील जी जास्त ती मर्यादा. त्यापुढे विशेष ठराव लागतो. एखाद्या कंपनीत २० टक्के मतहक्क आला की ती सहयोगी कंपनी ठरते आणि तिच्या तोट्यातला आपला वाटा आपल्या एकत्रित हिशेबात दिसू लागतो. त्यामुळे हिस्सा त्याखाली ठेवणे सोयीचे. सेबीकडे नोंदवलेला स्वतंत्र एआयएफ (पर्यायी गुंतवणूक निधी) काढायचा तर सर्वसाधारणपणे किमान २० कोटींचा निधी हवा. नाशिकच्या बहुतेक मध्यम कंपन्यांना तो पेलणार नाही. त्यांनी आपल्याच क्षेत्रातल्या एखाद्या चालू एआयएफमध्ये किमान १ कोटीने शिरावे, दोन-तीन वर्षे त्यांच्या बैठका आणि निवडी जवळून पाहाव्यात आणि त्यानंतर स्वतःचा पहिला थेट चेक फाडावा.